तिसरा तांब्या : भयकादंबरीत रोजच्या तपशिलातून ताण कसा बांधायचा

कादंबरीचा पहिला खर्डा मी थोरल्या जाऊबाईंना वाचायला दिला होता. पडका वाडा, पिंपळ, अमावस्येची रात्र, पांढऱ्या साडीतली बाई, सगळं त्यात होतं. दोन दुपारी बसून त्यांनी तो वाचला आणि परत देताना एकच विचारलं, "ती पोरगी गॅसवर दूध ठेवून पळाली ना, मग ते उतू गेलं का? पुढं काहीच लिहिलं नाहीस."

मी भुताबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "भुताचं ठीक आहे गं. माझा सगळा जीव त्या दुधात अडकला होता."

त्या एका वाक्यानं मला पुढची तीन वर्षं कामाला लावलं. दूध प्रत्येकानं तापवलेलं असतं, ते किती वेळात वर येतं हे सांगावं लागत नाही. पिंपळावरच्या बाईचा अनुभव मात्र कुणालाच नसतो. जिथं वाचकाचा हात रोज फिरतो तिथूनच भीती आत शिरते, म्हणून ते रोजचं आधी पानावर नीट उभं करावं लागतं. त्यासाठी मी काय केलं आणि कुठं फसले ते क्रमानं लिहिते. माझी कादंबरी अमळनेर तालुक्यातल्या, बोरी नदीकाठच्या एका गावात घडते, म्हणून उदाहरणं खानदेशातली आहेत. तुमचं गाव दुसरं असेल तर तपशील तुमचे घ्या, रीत हीच चालेल.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- एक जाड वही, फक्त नोंदींसाठी. कादंबरीचा मजकूर तिच्यात लिहायचा नाही.
- ज्या घरात गोष्ट घडते त्याचा हातानं काढलेला नकाशा.
- ज्या वर्षात गोष्ट घडते त्या वर्षाचं पंचांग, किंवा तिथी आणि चंद्रोदय दिलेली दिनदर्शिका.
- आवाज टिपायला मोबाईल.
- तीन वाचक : एक शेती करणारा, एक स्वयंपाकघर सांभाळणारी, एक घरात गावची बोली बोलणारा. साहित्याची जाण असलेले वाचक नंतर बघता येतील, आधी हे तिघं.

1. साधं घर निवडा आणि त्याचा नकाशा काढा

पहिल्या कादंबरीत तरी वाडा टाळा. वाड्यात पाऊल टाकताच वाचक सावध होतो, आणि सावध माणसाला घाबरवणं अवघड असतं. लोक जेवतात, भांडतात, पोरांचा अभ्यास घेतात असं घर घ्या.

मी धाब्याचं घर घेतलं. खानदेशात अशी घरं अजून उभी आहेत. जाड मातीच्या भिंती, लाकडी तुळया, त्यावर फळ्या-काड्यांचा थर आणि वर माती. पावसाळ्याआधी धाब्यावर, म्हणजे या मातीच्या छतावर, खारी माती टाकतात, म्हणजे पाणी आत झिरपत नाही. खर्ड्यात मी लिहिलं होतं, "छतावर धप धप पावलं वाजली." माझे मामा अशाच घरात लहानाचे मोठे झाले. त्यांनी त्या वाक्यावर बोट ठेवलं. स्लॅबवर पावलं वाजतात, धाब्यावर ती मातीत दबतात, असं त्यांचं म्हणणं. वर कुणी चाललं तर खाली कळतं कशावरून? फळ्यांच्या फटीतून चिमूटभर माती झरते, त्यावरून.

मग मी ते असं लिहिलं : "भाकरीवर माती पडली. तिनं फुंकर मारली. पुन्हा पडली, ती चुलीच्या बाजूला. मग हंड्याच्या झाकणावर. मग दाराजवळ."

यात पाऊल हा शब्द नाही, कुणी चाललंय असंही म्हटलेलं नाही. वाचकानं मात्र मनातल्या मनात चुलीपासून दारापर्यंत रेघ ओढलेली असते. हे जमलं कारण चूल, हंडा आणि दार कुठं आहे हे मला नकाशावरून माहीत होतं आणि वाचकाला मागच्या प्रकरणांतून.

नकाशावर दारं कोणत्या बाजूला उघडतात, दिव्याचं बटण कुठं, रात्री मोरीकडं जायचं तर कुणाच्या खाटेवरून जावं लागतं, हे सगळं दाखवा. मग प्रत्येक खाटेवर मनानं झोपून बघा. तिथून काय दिसतं, आणि काय दिसत नाही पण ऐकू येतं? "ऐकू येतं, दिसत नाही" अशा जागांवर लाल खूण करा. तुमची निम्मी कादंबरी त्या खुणांवर घडेल. माझ्या नकाशात अशी एक खूण होती : सुनेच्या खाटेवरून बाहेरचा ओटा दिसत नाही, पण ओट्याखालच्या बादलीचा आवाज स्वच्छ येतो.

2. त्या घराचे पूर्ण चोवीस तास लिहून काढा

कंटाळा येईल, तरी करा. वहीची एक बाजू वेळेला, दुसरी कामाला. कोण किती वाजता उठतं, नळ कोणत्या दिवशी येतो (आपल्याकडं कित्येक गावांत तो रोज येत नाही, हे विसरू नका), दूध कोण आणतं, भांडी कुठं घासतात, रात्री शेवटचा दिवा कोण मालवतं. शेतीची लाईट दिवसा आहे की रात्री, हे तर आधी लिहा. मोटरीला लागणारी थ्री फेज वीज पाळीनं येते. रात्रपाळीच्या आठवड्यात घरातला कर्ता पुरुष अर्ध्या रात्री शेतात असतो आणि घरात फक्त बायका, पोरं, म्हातारी माणसं. भयकादंबरी लिहिणाऱ्याला यापेक्षा जास्त काय हवं? आणि यातलं काहीही कल्पनेनं रचावं लागत नाही.

इथंच मी मोठी चूक केली होती, ती सविस्तर सांगते. माझा नायक रात्री फावडं घेऊन केळीला पाणी भरायला जायचा. केळीची बाग, अंधार, चिखल, मला ते फार आवडलं होतं. रावेरकडच्या एका नातेवाइकांनी वाचलं आणि म्हणाले, "ताई, केळी ठिबकवर असते. मोटर सुरू करायची, वॉल्व्ह फिरवायचा. फावडं कशाला?" बरोबर होतं त्यांचं. जळगाव जिल्ह्यातली केळी केव्हाच ठिबकवर आली. पाटानं केळी भिजवणारा माणूस त्यांना चाळीस वर्षांपूर्वीचा वाटला, आणि त्यानंतर त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही. तपशील एका ठिकाणी खोटा निघाला की वाचक भुतावरही विश्वास ठेवत नाही.

मी पीक बदललं. केळी काढून गहू घेतला. गव्हाला वाफ्यावाफ्यानं पाणी देतात तिथं बांध फोडायला फावडं लागतं, पाय चिखलात जातात. पण पीक बदललं की महिना बदलतो. गव्हाचं पाणी म्हणजे मार्गशीर्ष-पौष. म्हणजे अंगावर घोंगडी, तोंडातून वाफ आणि पायावर ओतायचं पाणी बर्फासारखं. ही थंडी मला आधी सुचलीच नव्हती, ती गव्हाबरोबर आली. पुढं तिनंच सगळ्यात भीतीदायक जागा दिली.

आणखी एक खबरदारी. पांझरा नदीकाठी फड पद्धत आहे, म्हणजे सगळ्यांनी मिळून पाणी वाटून घ्यायची रीत. तिथं पाटाचं पाणी पाटकरी देतो. असं गाव निवडलंत तर शेतकरी स्वतः रात्री बांध फोडत बसलाय हे दृश्य जुळणार नाही. एकाच खानदेशात पन्नास किलोमीटरवर पाण्याची रीत बदलते. त्या गावच्या माणसाला विचारल्याशिवाय लिहू नका.

3. एक सवय निवडा आणि ती तीनदा दाखवा

चोवीस तासांच्या यादीतून मी एक सवय उचलली. नवरा शेतातून परत येतो. म्हातारी आई जागी होऊ नये म्हणून मोटरसायकल गल्लीच्या तोंडाशीच बंद करतो आणि ढकलत आणतो. चपला ओट्याखाली. बादलीतून दोन तांबे पाणी, एक उजव्या पायावर, एक डाव्या. तांब्या काठावर उपडा. मग कडी वाजते. खाटेवर पडलेली बायको हे सगळं फक्त ऐकते.

पहिल्यांदा हे मी जवळजवळ पानभर लिहिलं. पण ताणासाठी नव्हे, त्या दोघांचा संसार दिसावा म्हणून. पाणी किती गार असेल या विचारानं तिच्या अंगावर काटा येतो, आणि दुसऱ्या दिवसापासून ती झोपण्याआधी बादलीत तपेलंभर ऊन पाणी मिसळून ठेवायला लागते. पहिल्या वेळी तपशिलाला दुसरं काहीतरी काम द्यायचं, हे ध्यानात ठेवा. प्रेम, गरिबी, भांडण, काहीही चालेल. नुसताच ठेवलेला तपशील वाचकाला लगेच ओळखू येतो.

दुसऱ्यांदा चार ओळी. तिसऱ्यांदा एकच : "दोन तांबे, कडी, आणि ती कुशीवर वळली." आता वाचकाच्या कानात दोन हा आकडा बसलेला आहे. तीनही वेळा वेगवेगळ्या प्रकरणांत घ्या. मी आधी दहा पानांत तिन्ही उरकल्या होत्या, तेव्हा तो आकडा कुणाच्या लक्षात राहिला नाही आणि ज्यांच्या राहिला त्यांना पुढचा डाव आधीच कळला.

4. आता त्यातलं एकच काहीतरी हलवा

चौथ्या रात्री मी एवढंच लिहिलं :

"गल्लीच्या तोंडाशी गाडी बंद झाली. चपला सुटल्या. एक तांब्या. दुसरा. तिनं डोळे मिटले. तिसरा. मग कडी वाजली आणि तो आत आला, घोंगडीसकट आडवा झाला. त्याचे पाय गार होते."

इथं थांबायचं. प्रकरण दुसऱ्या विषयाकडं न्यायचं. तिला किंचित वाटलं, शंका आली, असलं काही लिहायचं नाही. दोन पाय असलेला माणूस पौषातल्या रात्री तिसरा तांब्या कशासाठी ओततो, हा प्रश्न वाचकाचा वाचकाला पडू द्यावा. पात्राला तो उशिरा पडला तरी चालतं, उशिराच पडावा.

मोजता येणारी गोष्ट हलवली तर परिणाम दुप्पट होतो, हे मी करून बघितलंय. "तांब्याचा आवाज आज वेगळा वाटला" यात काही जीव नाही. दोनाचे तीन झाले की वाद संपतो. दोरीवरचे कपडे, ओट्याखालचे चपलांचे जोड, धाब्यावर वाळत घातलेल्या बिबड्या (ज्वारीचे पापड), ताटं, पाट, गोधड्या : मोजण्यासारखं घरात भरपूर असतं.

काही शब्द या पानांवर येऊच द्यायचे नाहीत. भयाण, गूढ, अनामिक, विचित्र, काळजाचा ठोका, अंगावर शहारा. मी वहीच्या पहिल्याच पानावर त्यांची यादी चिकटवली होती. हे शब्द लिहिले की लेखक स्वतःच घाबरतो आणि वाचकाला घाबरायला काही उरत नाही.

5. खरं वाटेल असं कारण द्या, मग ते काढून घ्या

सकाळी ती विचारते. तो म्हणतो, "गारा बहू व्हता." चिखल फार होता. पटण्यासारखं आहे, आणि पटलंच पाहिजे. "वारा असेल", "मांजर असेल" ही कारणं वाचकानं इतक्यांदा ऐकलीत की ती ऐकताच त्याला भुताची खात्री पटते. कारण त्या घराच्या, त्या कामाच्या आतलं हवं.

मग ते कारण दुसऱ्या रोजच्या तपशिलानं पाडायचं. काही दिवसांनी पुन्हा तीन तांबे वाजतात, पण त्या रात्री त्यानं पाणी भरलेलंच नसतं, डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) फेज गेला म्हणून तो कोरडाच परतलेला असतो. चपलांना चिखल नाही. आता कारण काय? ती स्वतःच शोधते, सवय असेल. त्यानंतरच्या आठवड्यात सकाळी ती बादली रिकामी करायला जाते आणि बादली काठोकाठ भरलेली असते. रात्री तिनं स्वतः तीन तांबे ऐकलेले असतात.

ही उतरंड वहीत आधी मांडून घ्या : घटना, त्याचं कारण, ते कारण पाडणारी वस्तू. वस्तूच हवी. चपला, बादली, चिखल. कुणा म्हाताऱ्यानं येऊन जुनी हकीकत सांगितली आणि कारण पडलं, असं करू नका. तो म्हातारा जवळजवळ प्रत्येक हस्तलिखितात असतो आणि तो बोलायला लागला की ताण संपतो.

6. चुलीवर काहीतरी ठेवा

जाऊबाईंच्या दुधानं शिकवलेली ही पायरी. दृश्य सुरू होण्याआधी घरात असं काम सुरू करून द्यायचं, ज्याचा शेवट वाचकाला माहीत आहे आणि जे कुणासाठी थांबत नाही. दूध वर येतंय. टाकी भरत आलीय. मोबाईल चार टक्क्यांवर आहे. पाळण्यातलं पोर कूस बदलतंय. मग भीतीचं दृश्य त्या कामाच्या आत घडवायचं.

माझ्या कादंबरीतल्या मुख्य रात्री सून जागी आहे, पोराला ताप आहे म्हणून ती त्याच्यासाठी दूध गरम करतेय. फोन येतो, नवऱ्याचा. लाईट आत्ताच आली, मी पहाटेशिवाय येत नाही, झोप तू. ती "हो" म्हणते. फोन कानाशीच आहे आणि ओट्याखाली चपला सुटतात.

एक तांब्या.

दुसरा.

तिचा हात गॅसच्या बटणावर आहे. पातेल्यात कडेनं साय सुरकुततेय. आतल्या खोलीतून सासू विचारते, "पोऱ्या ऊना का वं?" (पोरगा आला का गं?) आणि खाट करकरते, म्हणजे म्हातारी उठली, म्हणजे ती आता भिंतीला धरून दाराकडं निघाली, कडी काढायला.

इथं मी काय केलं ते सांगते. तिसरा तांब्या लगेच वाजवला नाही. म्हातारीचा हात भिंतीवरून सरकताना लिहिला : दिनदर्शिकेचा खिळा, देवळीचा काठ, बटण (ती दिवा लावत नाही, तिला अंधारात सवय आहे). पहिल्या प्रकरणापासून वाचकानं ही भिंत पाहिलीय, दारापर्यंत किती वस्तू उरल्या हे त्याला माहीत आहे. दूध वर चढतंय. ओरडावं तर पोर जागं होईल, आणि बाहेरच्याला कळेल की आत कुणी जागं आहे.

दचकवणं वेगळं आणि टांगून ठेवणं वेगळं. दार धाडकन उघडलं की वाचक क्षणभर दचकतो आणि पान उलटतो. वाचकाला माहीत आहे, सुनेला माहीत आहे, म्हातारीला माहीत नाही, आणि कडीशी हात म्हातारीचाच आहे, ही स्थिती तीन पानं टिकते. त्यासाठी माहिती लपवायची नसते, आधीच देऊन ठेवायची असते. नव्यानं लिहिणारे बहुतेक सगळं शेवटच्या धक्क्यासाठी राखून ठेवतात. मीही तेच केलं होतं. दोन तांबे काय नि तीन काय, हे वाचकाला अगोदर सांगितलेलं नसतं तर या रात्री काहीच घडलं नसतं.

7. वास आणि आवाज प्रत्यक्ष जाऊन गोळा करा

घरात बसून केळीची बाग लिहू नका. रावेर, यावल, चोपडा, कुठंही ओळखीच्या माणसाला बरोबर घेऊन हिवाळ्यातल्या एका रात्री बागेच्या कडेला अर्धा तास उभं राहा. एकट्यानं जाऊ नका, बिबट्या आणि साप या खऱ्या गोष्टी आहेत. वारा पडलेला असतानाही बाग गप्प नसते. वरच्या पानावरचं दव खालच्या पानावर टपटपत राहतं, आणि दूरवरून कुणीतरी हळूहळू जवळ येतंय असा तो आवाज होतो. फाटलेली पानं एकमेकांना घासतात. केळफुलाशी वटवाघळं येतात. दोन-तीन ओळींपलीकडं बॅटरीचा उजेड जात नाही, कारण खोडं आडवी येतात. आणि केळीचा चीक कपड्यावर पडला की वाळून काळपट डाग होतो, तो धुऊन जात नाही. बाईनं धुतलेल्या शर्टावर असा डाग निघाला, आणि घरात केळीच नाही, तर तिला प्रश्न पडेल. हा तपशील मला माझ्या गव्हाच्या गावात वापरता आला.

वासाचं एकच उदाहरण देते. भरताची वांगी पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर भाजतात, तेव्हा करपलेल्या सालीचा वास सगळ्या शेतावर पसरतो. आपल्याला तो वास आला की भूक लागते, थंडीतल्या भरीत पार्ट्या आठवतात. पहिल्या प्रकरणात तो वास तसाच, आनंदाचा लिहा. बामणोदची वांगी, कळण्याची भाकरी, हसणारी माणसं. मग शंभर पानांनंतर, जाळ नसलेल्या बंद खोलीत तोच वास येऊ द्या.

8. बोली जपून वापरा

अमळनेर-धुळ्याकडं अहिराणी, यावल-रावेरकडं लेवा गणबोली, सातपुड्यात भिली आणि पावरी. सरसकट "खानदेशी" म्हणून एकच भाषा लिहू नका. निवेदन प्रमाण मराठीत ठेवलं तर संवाद छोटे, बोलीतले ठेवा. भीतीच्या क्षणी माणूस घरच्या बोलीतच बोलतो आणि थोडकंच बोलतो. "कोन शे रे तठे?" एवढं पुरतं. गंमत म्हणून बोली घातली की वाचक हसतो, आणि त्या पात्रासाठी त्याला पुन्हा भीती वाटत नाही.

9. तिथी, चंद्र आणि सन तपासा

अमावस्येशिवायही रात्री असतात. माझी मुख्य रात्र मी पौष वद्य अष्टमीला ठेवली, कारण त्या रात्री चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. दृश्य अंधारात सुरू होतं, आणि म्हातारी दाराशी पोहोचेपर्यंत दाराखालच्या फटीत उजेडाची रेघ येते. त्या रेघेत सावल्या किती, हे मग मोजता येतं. उलट आखाजीच्या मध्यरात्री चांदणं लिहिणारे मी वाचलेत. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, वैशाखातली शुक्ल तृतीया, चंद्र सूर्यास्तानंतर दोन-अडीच तासांत मावळतो.

जुन्या काळातली गोष्ट असेल तर नावंही बघा. नंदुरबार वेगळा जिल्हा झाला 1998 साली, त्याआधी तो धुळ्यात होता. मुक्ताईनगरला जुनी माणसं एदलाबादच म्हणत. आणि मोबाईल नसलेल्या वर्षात माझं फोनचं दृश्य होऊच शकत नाही, तिथं दुसरी युक्ती शोधावी लागेल.

सणांत मोजदादीच्या जागा फार सुंदर असतात. कानबाई या खानदेशातल्या देवीच्या सणाला रोट करतात, त्यांसाठी कित्येक घरांत घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ धान्य घेतात. नावं घेत घेत मुठी टाकणारी म्हातारी एखाद्या नावाशी थांबली, किंवा न थांबता एक मूठ जास्त टाकून गेली, तर? पण कानबाई हे घराघराचं श्रद्धास्थान आहे. मूठ चुकवा, देवीला भुतांच्या रांगेत बसवू नका.

10. डाकीण हा शब्द मनोरंजनासाठी वापरू नका

याबाबत मी कुणाचंही ऐकणार नाही. सातपुड्याच्या पट्ट्यात बायकांना डाकीण ठरवून मारहाण झालीय, गावाबाहेर काढलंय, जीवही घेतलेत. त्यात विधवा आणि एकट्या राहणाऱ्या बायका सापडतात. असे प्रकार 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा ठरलेत. तुमच्या कादंबरीत शेवटी "ती खरंच डाकीण निघाली" असं झालं, तर तुम्ही त्या मारणाऱ्यांची बाजू खरी ठरवलीत. हा विषय घ्यायचाच असेल तर भीती त्या बाईच्या बाजूनं लिहा. दाराबाहेर जमलेला जमाव, त्यातले ओळखीचे आवाज, काल हिच्याकडूनच विरजण घेऊन गेलेली शेजारीण. रोजचे तपशील तिथं सगळ्यात जास्त अंगावर येतात.

11. खर्डा तपासताना

दृश्य मोठ्यानं वाचा आणि मोबाईलवर टिपा, दुसऱ्या दिवशी अंधारात ऐका. जिथं ऐकताना मन भरकटतं तिथं विशेषणं जास्त झालेली असतात.

प्रत्येक महत्त्वाच्या वस्तूपुढं ती पहिल्यांदा कोणत्या पानावर आली ते लिहा. भीतीच्या दृश्यात एखादी वस्तू पहिल्यांदाच येत असेल तर मागं जाऊन ती पेरा, किंवा काढून टाका. माझ्या दुसऱ्या खर्ड्यात देवळी ऐनवेळी उगवली होती. ती मागं पाचव्या पानावर नेली, तिथं सासू काडेपेटी ठेवते.

वाचणाऱ्याला "भीती वाटली का?" असं विचारू नका, लोक भिडेखातर हो म्हणतात. "तो पायावर किती तांबे घेतो?" असं विचारा. उत्तर आलं नाही तर तिसरी पायरी पुन्हा करा. "सासू दाराकडं जाताना हात कशाकशाला लागतो?" हेही विचारा. शेतकरी वाचकाला शेत, घरातल्या बाईला स्वयंपाकघर तपासू द्या, आणि त्यांनी काढलेली चूक दुरुस्त करताना तिच्यातून आणखी काय हाताला लागतं ते बघा. गव्हामुळं मला थंडी मिळाली, ती अशीच.

तिसरा खर्डा मी पुन्हा थोरल्या जाऊबाईंनाच दिला. त्यांनी तो एका रात्रीत संपवला. सकाळी मी त्यांच्याकडं गेले तेव्हा वही देवघराशेजारी ठेवलेली होती, आणि वर्षानुवर्षं ओट्याखाली असणारी त्यांची बादली आत मोरीत आणून ठेवली होती, तांब्यासकट.